फणसापासून तिसरा

लक्ष्मम्मानं शहाळं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं आणि निम्मं पाणी पदरावर सांडलं.

"गोड हाय की रं! तू तर म्हनलास, ह्या बेटावर निस्ता चिखल अन् ताप हाय."

"तवा तेवढंच दिसलं, अव्वा," महालिंगप्पा म्हणाला.

ते काही खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, लढाईच्या धामधुमीत, तो आणि त्याचा जोडीदार, लक्ष्मम्माचा एकुलता एक लेक शांतलिंग, जळकोटहून भरती होऊन सिलोनला आले होते ते खेचरं हाकायला. खेचरांच्या शेपट्यांपलीकडं त्यानं तेव्हा काही पाहिलंच नव्हतं. आता म्हातारी बोट दाखवील तिकडं त्याला नवंच दिसत होतं. माडाला टेकून जाळं सांधणारे कोळी दिसत होते, बुंध्यालाच लटकलेले फणस दिसत होते. सकाळी तर तिनं समुद्र ओंजळीत घेतला, चाखला, आणि "एवढं पानी, अन् पिता येईना!" म्हणून हळहळत सोडून दिला. दुसऱ्या कुणाबरोबर आला असता तर महालिंगप्पा सुखावला असता. पण जळकोट सोडल्यापासून तो परत फिरायला निमित्त शोधत होता.

या दोघांच्या समाजात मेलेल्याला आडवं करत नाहीत. चौकोनी खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं लिंग डाव्या तळहातावर देतात. तो एकटाच गावी परतला तेव्हा लक्ष्मम्मानं रडायच्याही आधी हेच विचारलं होतं.

"बसवलास न्हवं माझ्या लेकराला?"

"व्हय, अव्वा."

तोंडातून गेलं ते गेलं. बेटावर त्या दिवशी शांतलिंगसकट तापानं अकरा माणसं गेली होती. पावसात लाकूड पेटेना म्हणून सगळ्यांनाच पुरायचं ठरलं, आणि खड्डेही खणून झाले, सगळे एका मापाचे, लांबट. महालिंगप्पानं सुभेदाराचे पाय धरले. सुभेदार माणूस वाईट नव्हता, पण खड्ड्यांत पाणी चढत होतं. शेवटी शांतलिंगही इतरांसारखा आडवाच गेला.

लक्ष्मम्मा मात्र दर सोमवारी बेल वाहून झाला की तोच प्रश्न विचारायची. खोट्याला टेकू म्हणून महालिंगप्पानं खऱ्या गोष्टी सांगितल्या. फणसाचं मोठं झाड आहे, त्याच्यापासून तिसरा आपला शांतलिंग. मग तिनं समाधी बघायचा ध्यास घेतला. सिलोनला जायचा परवाना मिळत नाही, असं त्यानं वर्षभर सांगून पाहिलं. म्हातारी तुळजापूरला गेली, निजामाच्या तहसिलीच्या पायरीवर चार दिवस बसली आणि परवाना घेऊनच उठली.

आता त्याला एकच आशा होती. तीन पावसाळ्यांत रान माजलं असेल, सगळं सपाट झालं असेल.

वळण संपलं आणि तो जागीच थांबला. गवत नुकतंच कापलेलं होतं. अकरा लांबट उंचवट्यांना कडेनं पांढरे शिंपले लावलेले होते. फणसाच्या सावलीत एक बेटावरचा म्हातारा विळा घेऊन बसला होता. त्यानं यांना बघून हात जोडले. कुण्या परक्याच्या चांगुलपणानं आपली पाचावर धारण बसावी, असं महालिंगप्पानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"अव्वा, थांबा जरा. ऊन लई हाय."

पण ती फणसाकडं निघालीही होती. एक, दोन, तीन असं बोटानं मोजत ती तिसऱ्यापाशी उभी राहिली. मग तिनं उरलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि परत तिसऱ्याकडं पाहिलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं महालिंगप्पाला वाटत होतं.

लक्ष्मम्मा खाली बसली. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माती हातानं चाचपली.

"डोकं कुनीकडं हाय?"

त्यानं बोट दाखवलं.

तिनं त्या टोकाला विभूतीची तीन बोटं ओढली. जळकोटहून आणलेला, वाळून चुरा झालेला बेल सोडला.

"अन् लिंग?"

"हातात दिलंय, अव्वा. म्या सोता मूठ मिटली." तो रडायलाच लागला. "लई इनवलं म्या. माझं कुनी ऐकलं न्हाय."

तिनं मधोमध, हात असेल तिथं, बेलाचा उरलेला चुरा ठेवला आणि फणसाखालच्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. परतीच्या बोटीत, आगगाडीत, तिनं तो विषय काढला नाही. महालिंगप्पाला तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

आठवड्यानं जळकोटला तिच्या ओट्यावर गल्ली जमली. शेजारची शिवम्मा आली, मठाचे स्वामी आले. शांतलिंगची समाधी कशी आहे, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. लक्ष्मम्मानं बेटावरून आणलेला नारळ फोडला आणि सगळ्यांच्या देखत ती महालिंगप्पाकडं वळली.

"महालिंगा, बसवलास न्हवं माझ्या लेकराला?"

त्यानं वर पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती, उत्तर येईपर्यंत नजर न हलवता.

"व्हय, अव्वा."

"ऐकलं न्हवं सगळ्यांनी?" म्हणत ती खोबरं वाटायला लागली. पहिला तुकडा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.