पत्राखालची मंडळी

बस रे जरा, घाई कसली? तुला आमच्या लवू परबाच्या पत्राची गंमत सांगतो. हसला नाहीस तर सांग.

लवू भांडुपच्या चाळीतला. गिरणी बंद पडली तसा गडी रडत नाही बसला. हात मूळचा सुताराचा, मुलुंडला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि लाकडी खोकी करायला लागला. माल भरून पाठवतात ना, ती. काम चोख, पण गिऱ्हाईक किरकोळ. आज आलं, उद्या नाही. आणि अशात एका पंपाच्या कारखान्यातून निरोप आला. आम्हाला कायम खोकी लागतात, सोमवारी रीतसर पत्र घेऊन या, मराठीत चालेल. हे काम मिळालं तर शेड राहणार, नाहीतर गुंडाळायची. एवढं सरळ होतं.

लवू गेला शुभाकडं. शुभाचा स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास. पोरीनं सगळं झकास टाइप केलं आणि शेवटाला येऊन अडली.

"काका, खाली काय घालू? आपला विश्वासू?"

"कोणाचा विश्वासू? त्यांनी माझं एक खोकं पण बघितलं नाही अजून."

"अहो, सगळे असंच लिहितात."

"लिहू देत. मला उगाच कोणाच्या गळ्यात पडल्यासारखं वाटतं."

"मग आपला नम्र?"

लवूनं कान खाजवला. "बायकोनं वाचलं तर हसून मरेल."

"आज्ञाधारक?"

"मी काय शाळेत सुट्टी मागतोय?"

शुभाच्या मागं माणसं खोळंबलेली. तिनं मशीनमधून कागद ओढला आणि दिला त्याच्या हातात. "घरी जाऊन ठरवा आणि पेनानं लिहा. मला क्लास बंद करायचाय."

रविवारी लवूनं तो कागद ओट्यावर ठेवला, वर मिठाची बरणी ठेवली आणि अंघोळीला गेला. म्हटलं, डोक्यावर पाणी पडलं की काहीतरी सुचेल.

आता आमच्या कोकणातल्या माणसांची रीत अशी, की गावाला जाणारं पत्र एकट्याचं कधी नसतंच. ज्याचं पत्र त्यानं आपलं लिहायचं, खाली जागा सोडायची, मग खोलीतला जो तो एकेक ओळ टाकणार. खाली कोरं दिसलं तर गावात म्हणतात, भांडलेत वाटतं मुंबईत.

लवू टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर मेहुणा धाकू पेनाला टोपण लावतोय.

"काय केलंस रे?"

"काय नाय. नमस्कार घातला."

लवूनं कागद उचलला. 'साहेबांना धाकूचा नमस्कार. तब्येतीस जपावे.' त्याच्याखाली बायकोचं, 'इकडे सर्व खुशाल. वहिनींना विचारल्याचे सांगणे. नलिनी.' आणि कोपऱ्यात शेजारच्या जानकीमावशीचं, वाकड्या मोठ्या अक्षरात, 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. जानकी.'

"वाट लावलीत! कारखान्याचं पत्र आहे हे!"

"मग?" नलिनी चपाती उलटत म्हणाली. "कारखान्यात माणसं नसतात?"

शुभाचा क्लास बंद. दुसरा कागद आणायचा कुठून? लवूनं मधल्या फटीत कशीबशी आपली सही घुसवली आणि सोमवारी देवाचं नाव घेऊन निघाला.

खरेदीवाले कर्णिक साहेब. चष्मा वर करून त्यांनी पत्र वाचलं. खालच्या नावांपाशी आले आणि थांबले.

"परब, मला एकच काळजी होती. तुम्ही एकटे. आजारी पडलात तर आमचे पंप पडून राहणार. पण इथं बरीच नावं दिसतात. भागीदार का?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. एक शब्द, की काम खिशात. पण लवूच्यानं ते बोलवेना.

"नाही साहेब. मेहुणा, बायको आणि शेजारची मावशी. कागद कोरा दिसला, त्यांना राहवलं नाही."

साहेब पंख्याकडं बघत बसले. हसू दाबतायत की राग, लवूला कळेना.

"यातल्या कोणाला हातोडा धरता येतो?"

"मेहुण्याला येतो. बायकोला शिकवीन. मावशीचं... बघू."

"खरं बोललात ते बरं केलंत. गणपतीच्या आधी पहिला माल द्या. आणि ही नावं मी लक्षात ठेवणार हां."

लवू घरी आला तो ओरडतच. "नावं घातलीत ना खाली? चला आता शेडवर!"

धाकूनं बाह्या सरसावल्या. नलिनीनं पदर खोचला. जानकीमावशी दारातच थबकली. "अरे मेल्या, मी नुसतो आशीर्वाद दिलंय रे! माका खिळे कित्याक मारूक लावतंस?"

"मावशी, तुझंच नाव सगळ्यात मोठं आलंय."

आली की म्हातारी! उलट्या खोक्यावर बसून खिळे निवडायची आणि वाकडा मारला की धाकूला शिव्या घालायची. गणपतीच्या आधी माल गेला, आणि कारखान्यातून एकही खोकं परत आलं नाही.

पुढच्या पत्राला शुभानं परत विचारलं, "काका, खाली काय?"

"लिही," लवू म्हणाला, "आपली, लवू परब आणि मंडळी."

तेच चालू आहे अजून. शेड आता मागं वाढवलीय, हात पण वाढलेत. तू अंधेरीला ऑफिसात जातोस ना? तिथं कोणाला खोकी लागत असतील, तर आमच्या लवूचं नाव तेवढं कानावर घाल रे.