‘मग’ नावाचा बंगाली शब्द

यामिनी सरपोतदार नाशिकहून बदली होऊन कोलकात्याला आली ती एक गोष्ट मनाशी ठरवूनच. हावड्याच्या शाखेत मॅनेजर म्हणून बसायचं, तर लोकांशी बंगालीत बोलायचं. चुकलं तरी हरकत नाही, पण अडलं की लगेच हिंदीत शिरायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं एका म्हाताऱ्या पेन्शनर बाईंना ‘बसा’ म्हणायच्या ऐवजी ‘बसवा’ असं काहीतरी सांगितलं आणि सगळी शाखा हसली. यामिनीही हसली आणि पुढचं वाक्य तितक्याच ठणठणीत आवाजात बोलली.

नवरा, अजिंक्य, नोकरीमुळे नाशिकलाच राहिला होता. अकरावीतली सानिका आईबरोबर आली होती. दमदमला त्यांचा फ्लॅट होता. यामिनी मेट्रोनं शोभाबाजारला उतरायची, चालत घाटावर जायची आणि लाँचनं हावड्याला. नदीखालून आता मेट्रो जाते, तिनं लवकर पोचता येईल, हे तिला प्रत्येकानं सांगून झालं होतं. पण दिवसभर एसीत बसायचं तर त्याआधी थोडा वारा अंगावर घ्यावा, असं तिचं म्हणणं.

त्या सकाळी लाँच हावडा घाटाला लागली आणि नेहमीप्रमाणे जेट्टीवर थांबलेली माणसं आधी आत घुसायला लागली. यामिनी दाराशीच उभी होती. तिच्या मागे हात गळ्यात बांधलेले एक आजोबा होते. लोंढ्याचा धक्का बसला तसे ते कळवळले आणि कठड्यावर आपटता आपटता वाचले. यामिनीनं दोन्ही हात पसरून दोन्हीकडचे दांडे घट्ट धरले आणि सगळी वाटच अडवली.

“दादा, आगे नामते दिन,” ती मोठ्यानं म्हणाली. आधी उतरू द्या. इथपर्यंत ठीक होतं. पुढचा शब्द मात्र घाईत घरचाच तोंडात आला. “मग उठुन.”

लोक थबकले. बंगालीत ‘उठुन’ म्हणजे चढा किंवा उठा, पण मग म्हणजे आंघोळीचा मग. ही बाई मगाला उठायला सांगते आहे की मग उचलायला सांगते आहे, याचा विचार करण्यात त्यांचा क्षणभर गेला आणि तेवढ्यात आजोबा उतरले. त्यांच्यामागून बाकीचेही उतरले. यामिनी बाजूला झाली, ओढणी सारखी केली आणि कामावर गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सानिका फोन हातात धरून सोफ्यावर बसली होती.

“आई, तू घाटावर काय केलंस?”

“काय केलं?”

सानिकानं फोन पुढे केला. कुणीतरी जेट्टीवरून चित्रण केलं होतं. हात पसरलेली यामिनी, तिच्यासमोर गर्दी आणि ते वाक्य. आजोबा मात्र त्यात कुठेच दिसत नव्हते. ते तिच्या पाठीमागे झाकले गेले होते. खाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. पुष्कळ जण नुसते हसले होते. काहींनी लिहिलं होतं की बाहेरून आलेली बाई आता आम्हाला आमच्याच घाटावर शिस्त शिकवणार. एकानं तर, आधी भाषा शिका, असं पुन्हा पुन्हा लिहिलं होतं.

“आवाज बरा आलाय,” यामिनी म्हणाली.

“आई, मी गंभीरपणे बोलतेय.”

“मीही.”

दोन-तीन दिवसांत ते वाक्य शहरभर झालं. कुणी त्याला ताल लावला. कॉलेजची मुलं ‘मग उठुन’ ऐकू आलं की प्लॅस्टिकचा मग एकदम वर उचलायची आणि नाचायची. एका लग्नात वरपक्षाच्या बायकांनी रंगीत मग घेऊन तो नाच केला. बराकपूरच्या एका रिक्षावाल्यानं रिक्षाच्या मागे ते वाक्य रंगवून घेतलं. बँकेत यामिनी केबिनमधून बाहेर आली की काउंटरवरची मंडळी ओठ दाबून कामात गढून जायची.

विभागीय कार्यालयातून साहेबांचा फोन आला. “मॅडम, त्यात बँकेचं नाव कुठे नाही ना?”

“नाही सर. घाट आहे, लाँच आहे आणि मी आहे.”

“मग काही दिवस जरा शांत राहा. उत्तरं वगैरे देऊ नका.”

“बँकेच्या नावानं देणार नाही,” यामिनी म्हणाली. साहेबांना तेवढं पुरलं.

खरा प्रश्न घरात होता. रविवारी दुपारी सानिका ताटातला भात नुसता चिवडत होती. यामिनीनं विचारल्यावर ती म्हणाली, “शाळेत मला ‘मग’ म्हणून हाक मारतात.”

“कोण?”

“सगळेच.”

“चिडवून की प्रेमानं?”

“ते कळत नाही ना. तोच तर त्रास आहे.” मग ती हळूच म्हणाली, “तू हिंदीत बोलली असतीस तर काहीच झालं नसतं.”

यामिनीला हे लागलं. लोकांच्या प्रतिक्रिया ती पंख्याच्या वाऱ्यासारख्या अंगावरून जाऊ देत होती. मुलीचं वाक्य तसं जाईना. ती ताट उचलून आत ठेवून आली आणि मग खालच्या मजल्यावर मंगलाताईंकडे गेली.

मंगलाताईंचा जन्म कोलकात्याचाच. त्यांचे आजोबा महाराष्ट्रातून इकडे आले ते परत गेलेच नाहीत. शाळेत त्यांनी उभा जन्म बंगाल्यांच्या मुलांना बंगाली शिकवली होती.

“बघितलं मी ते,” त्या म्हणाल्या. “तुला ठाऊक आहे का, इथे बेबंदशाहीला ‘मगेर मुलुक’ म्हणतात? मगांचा मुलूख. पूर्वी समुद्रावरून मग नावाच्या जमातीचे चाचे यायचे लुटायला. तू धक्काबुक्कीच्या तोंडावर उभी राहून नेमका तोच शब्द बोललीस. म्हाताऱ्या लोकांना त्यानं जास्त हसू येतंय.”

“आणि मुलांना आंघोळीच्या मगाचं.”

“हो. हे बघ, यामिनी, आपण चुकतो तेव्हा यांना निम्मा आनंद याचा होतो की कुणीतरी त्यांची भाषा बोलायला निघालंय. उरलेला निम्मा नुसता हसण्याचा. तुला कुठल्या निम्म्याशी बोलायचंय, ते तू ठरव.”

यामिनी वर आली आणि सानिकाला म्हणाली, “फोन धर. मला काहीतरी बोलायचंय.”

“माफी मागणार आहेस?”

“कशाची?”

बाल्कनीत कपडे वाळत होते ते तिनं बाजूला सरकवले आणि खुर्ची मांडली. लिहून काही घेतलं नाही. मोडक्या बंगालीत ती सांगत गेली. माझ्या मागे एक आजोबा होते, त्यांचा हात मोडला होता, म्हणून मी वाट अडवली, उद्याही अडवीन. ‘मग’ हा माझ्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ तुमचा ‘तारपोर’. तुमचा शब्द माझ्याहून लांब आणि गोड आहे, पण धक्का बसला तेव्हा मला छोटाच सापडला. मी तुमची भाषा शिकते आहे. आत्ता बोलले त्यातही पुष्कळ चुका असतील. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. मात्र हसून झालं की एक चूक दुरुस्त करून खाली लिहावी.

सानिकानं ते आपल्या खात्यावर टाकलं. “आता काय होईल ते होईल,” ती म्हणाली.

झालं ते असं, की शहर शिकवायला बसलं. एका निवृत्त रेल्वे गार्डनं तिची क्रियापदं सरळ केली. सिलचरच्या एका बाईनं स्वतःचा आवाज पाठवला आणि ‘तारपोर’मधला ‘पो’ तोंड गोल करून कसा म्हणायचा ते दाखवलं. बर्दवानचा एक माणूस आणि पूर्व बंगालातून आलेल्या घराण्यातला दुसरा एक जण योग्य उच्चारावरून असे भांडले की यामिनी कोण हेच दोघे विसरले. बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या मराठी माणसांनीही लिहिलं, आमच्याकडे आम्ही असं बोलतो आणि लोक असं हसतात. वाईट बोलणारे गेले नाहीत. मायलेकींनी नियम केला: शिवी दिसली की काढायची, टिंगल राहू द्यायची.

यामिनी रोज लाँचमध्ये बसून प्रतिक्रिया वाचायची आणि वाक्यं पुटपुटायची. दर रविवारी ती नवा व्हिडिओ करायची. आठवड्यात काय शिकली ते बोलून दाखवायची आणि नव्यानं चुकायची. फोन धरताना सानिका मध्येच अडवायला लागली. “आई, तसं नाही. परत बोल.” शाळेत तिला आता मुलं विचारायची, हे मराठीत कसं म्हणतात, ते कसं म्हणतात. हाक तीच होती, पण ती प्रेमाची आहे हे सानिकाला एक दिवस आपोआप कळलं. कसं कळलं, हे तिला सांगता आलं नाही.

दुर्गापूजा जवळ आली. त्यांच्या वस्तीतल्या पूजा समितीचे सेक्रेटरी बापीदा दोघा कार्यकर्त्यांना घेऊन घरी आले. मांडवातल्या रांगेसाठी लाउडस्पीकरवर सूचना वाजवायच्या होत्या आणि आवाज यामिनीचाच हवा होता. ती खुशीनं तयार झाली. माइक समोर आला आणि ती स्वच्छ बंगालीत म्हणाली, आधी आतल्यांना बाहेर पडू द्या, तारपोर पुढे या.

बापीदांचा चेहरा पडला. “दीदी, ‘मग’ कुठे गेला?”

“आता मला बरोबर येतं ना.”

“पण लोकांना तेच ऐकायचंय. एकदा चुकून म्हणा.”

“चुकून म्हणाले होते, ते झालं. आता म्हटलं तर ते मुद्दाम होईल,” यामिनी म्हणाली. “बापीदा, इतक्या माणसांनी वेळ घालवून मला शिकवलंय. मी आता नाटकीपणानं चुकले तर त्यांना काय वाटेल? हे असंच ठेवा.”

बापीदा जरा नाराज झाले, पण त्यांनी तेच ठेवलं.

सप्तमीच्या संध्याकाळी मायलेकी नव्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहिल्या. ढाक नावाचे मोठे ढोल वाजत होते. स्पीकरवर यामिनीचा आवाज आला आणि ‘तारपोर’ पूर्ण व्हायच्या आत सगळी रांग एका सुरात ‘मग’ म्हणून मोकळी झाली. पुढच्या वेळीही तेच. कुणी मागे वळून तिच्याकडे बघितलं नाही. साडीत आणि गजऱ्यात तिला कुणी ओळखलंच नव्हतं. तिला त्याचं बरं वाटलं.

त्यांच्या पुढे दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्यातली एक बाहेरगावची असावी. तिनं विचारलं, हे ‘मग’ काय आहे?

“उत्तर कोलकात्यातला जुना शब्द आहे,” दुसरी अगदी खात्रीनं म्हणाली. “‘त्यानंतर’ या अर्थाचा. माझी आजीसुद्धा म्हणायची.”

सानिकानं डोळे मोठे केले आणि तिला थांबवण्यासाठी पुढे वाकली. यामिनीनं तिचा दंड धरला.

“आई, अगं, ते खोटं आहे.”

“हो,” यामिनी म्हणाली. “अजून थोडी वर्षं खोटं राहील.”

रांग सरकली. मांडवाच्या तोंडाशी आतली माणसं बाहेर पडेपर्यंत सगळे थांबले, आणि मग दोघी देवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.