माझ्या पोटातला हेर

मित्रांनो, कामठ्याच्या बकारामभाऊंच्या घरी देवाच्या फळीशेजारी जो जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो, तो मी. काचेला तडा गेला आहे आणि पाठीचं झाकण रबरानं बांधलं आहे. तुम्हाला तोंड दाखवायचीही लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फौजेत भरती झाल्यावर या घरच्या प्रफुलनं पहिल्या पगारातून मला गोंदियाच्या बाजारातून आणलं आणि आईच्या, म्हणजे देवकाबाईंच्या हातात ठेवलं. बकारामभाऊंकडे बटणांचं डबडं होतं, त्यामुळे घरातला खरा मोबाइल मीच. धानाचा भाव, पावसाचा अंदाज आणि सीमेवरून दिसणारा प्रफुलचा चेहरा, सगळं माझ्याच काचेवर. दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडीशेजारी मलाही कुंकू लागायचं आणि मी फुशारून जायचो. पुढे आमगावची नूतन या घरात सून म्हणून आली. प्रफुलचा फोन आला की देवकाबाई मला तिच्या हातात देऊन कोंबड्या हाकलायला अंगणात जायच्या. अंगणात एकही कोंबडी नसली तरी जायच्या.

गेल्या लगीनसराईत माझ्यावर एक लग्नपत्रिका आली. वर गणपती, खाली आग्रहाचं निमंत्रण, आणि नंबर अनोळखी. आता निमंत्रण देणाऱ्याला ‘तुम्ही कोण’ असं विचारणं आमच्याकडे अपमानाचं समजतात. देवकाबाईंनी बोट ठेवलं. परवानगी द्यायची का, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्या प्रत्येक वेळी ‘हो’ दाबत गेल्या. पत्रिका काही दिसली नाही. “नेट गेलं असंन,” असं म्हणून त्यांनी मला ठेवून दिलं. पुढे कित्येक दिवस त्या बाजारात भेटेल त्या नातेवाइकाला विचारत होत्या, “तुमच्याकडं लगन आहे काय जी?”

लग्न कुणाचंच नव्हतं. त्या पत्रिकेतून एक व्हायरस माझ्या पोटात शिरला होता. कुठल्याशा परक्या देशाच्या सरकारनं हुशार माणसं पगारावर बसवून तो घडवला होता आणि आपल्या फौजींच्या घराघरांत सोडला होता. त्यानं मला बिघडवलं नाही की तापवलं नाही. बिघडवलं असतं तर बरं झालं असतं, कोणी दुकानात तरी नेलं असतं. तो माझ्याच कानानं ऐकायचा आणि माझ्याच रेंजवरून सगळं धाडून द्यायचा. घरचं मीठ खाऊन मी घरभेदी झालो होतो. मला ते कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

एकदा प्रफुल नूतनला म्हणाला, “थोडे दिवस फोन लागनार नाई. वरच्या चौकीवर जाऊन राहिलो. कोनाले सांगू नको.” नूतननं कोणाला सांगितलं नाही, सासूलाही नाही. तिकडे पोचवलं ते मी.

प्रफुलची तुकडी वरच्या चौकीकडे निघाली आहे, हे शत्रूला आधीच कळलं होतं. वेळीच लक्षात आलं म्हणून कोणाला इजा झाली नाही, पण प्रफुलला चौकशीला बसवलं. त्यानं वडिलांच्या फोनवर फोन केला. “बाबा, मी हे फक्त नूतनले सांगतलो होतो,” एवढंच बोलला.

बकारामभाऊंना तेवढं पुरे झालं. “दिवसभर फोनवर माहेरी गोष्टी करते. पोराच्या नोकरीवर उठली हे!”

“मामाजी, मी कोनाले सांगतली नाई,” नूतन सासऱ्यांना म्हणाली.

देवकाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नूतन पिशवी भरून आमगावला निघून गेली. गावात लोक नको ते बोलू लागले. पाण्याच्या हंड्यात पडून मरावं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग तपास करणारे दोघे आले. त्यांनी मला तार लावून आपल्या मशीनला जोडलं आणि माझ्या पोटातला हेर शोधून काढला. “ही लग्नपत्रिका कोणी उघडली होती?” त्यांनी विचारलं.

“कोन उघडंन? सुनंच उघडली असंन,” बकारामभाऊ म्हणाले.

देवकाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं, पण शब्द फुटला नाही. प्रफुलवरचा ठपका गेला. नूतनवरचा तसाच राहिला.

दोन घास धड खाल्ले नाहीत देवकाबाईंनी त्यानंतर. शेवटी एक दिवस मला पिशवीत टाकलं आणि आमगाव गाठलं. नूतनच्या आईनं पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. मला अंगणात जमिनीवर ठेवलं आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, “पत्रिका मीनं उघडली होती. तुमची पोरगी खरी आहे. मले समजलं, तरी मी चूप बसली.” आणि सुनेपुढे हात जोडले.

नूतननं ते हात धरून खाली केले. “आई, मीबी उघडली असती. त्याचा राग नाई. पत्रिकेचं तुमाले मंग कळलं. पन मी कशी आहो, हे त आधीपासून माहीत होतं न?”

देवकाबाईंनी मला उचलून पिशवीत टाकलं आणि त्या एकट्याच परत निघाल्या.

पुढे बकारामभाऊ स्वतः गेले, चुकलं म्हणाले, तेव्हा नूतन घरी आली. तपासवाल्यांनी माझं पोटही धुऊनपुसून स्वच्छ केलं आहे. पण काल प्रफुलनं तिला विचारलं, “अजून राग आहे काय?” तिनं माझ्याकडे पाहिलं. “घरी ये, मंग सांगीन. फोनवर नाई,” असं म्हणाली आणि मला उपडं ठेवलं. अजून दुसरा मोबाइल घ्यायची ऐपत नाही, म्हणून मी या घरात आहे.

मित्रांनो, अनोळखी पत्रिका उघडू नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. माझी विनवणी वेगळी आहे. घरातली गोष्ट बाहेर गेली, तर आधी मला तार लावा, माझं पोट तपासा. घरच्या माणसाला सगळ्यात शेवटी विचारा, आणि विचारताना त्याच्या बाजूनं कोणीतरी उभे राहा.