टोलेदोतली पंधरा मिनिटं

आमच्या वाल्देआखोसच्या महिला मंडळाची मी गेली अकरा वर्षं अध्यक्ष आहे. माझ्या हुशारीमुळे नाही हो, दुसरं कुणी हे लचांड गळ्यात घ्यायला तयार नाही म्हणून. वर्षातून एकदा एका दिवसाची सहल काढायची. सकाळी सातला बस, रात्री दहाला परत. ऐकायला सोपं वाटतं ना? मग बसा एकदा आमच्या बैठकीला.

मे महिन्यात मी म्हटलं, "यंदा टोलेदो."

"जेवण कुठे?" हा पहिला प्रश्न सातुर्निनोचा. मंडळ बायकांचं असलं तरी सहलीला नवरेही येतात. सातुर्निनो शाळेत माझ्या बाकावर बसायचा. गावात सगळ्यात जास्त लसूण त्याचा, आणि सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच.

"अरे, आधी काय बघायचं ते तर ठरू दे!"

"बघायचं ते कुठे पळून चाललंय? आठशे वर्षं उभंय. टेबलं मात्र दोन वाजता भरतात."

"कॅथेड्रलला दीड तास," लेओकादियाबाई म्हणाल्या. निम्म्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेत, त्यामुळे त्यांच्यापुढे सातुर्निनोसुद्धा पाय जुळवून बसतो. "मग सांतो तोमेच्या चर्चमधलं ते मोठं चित्र. मग ज्यूंचं जुनं सिनेगॉग. गेल्या वर्षी तुम्ही मला तीन तास टेबलाशी बसवून ठेवलंत आणि किल्ला बसच्या खिडकीतून दाखवलात, हे मी विसरलेली नाही."

"आणि माझ्या गुडघ्यांचं काय?" सातुर्निनोची बायको एर्मिनिया कुरकुरली. "ते गाव म्हणजे नुसता चढ."

"सरकते जिने आहेत गं वरपर्यंत."

"मग मला एक चांगला सुरा घ्यायचाय. टोलेदोचा. ह्यांना धाक म्हणून."

मी चौकटीच्या कागदावर लिहीत गेले. साडेनऊ, जिने. दहा, कॅथेड्रल. साडेअकरा, चित्र. साडेबारा ते पाऊण, मोकळे. मग सिनेगॉग, दोनला जेवण, साडेचारला सुरे आणि बदामाची मिठाई. लेओकादियाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "ही साडेबाराची पंधरा मिनिटं कसली?"

"लघवीसाठी," मी म्हटलं.

"चाळीस म्हाताऱ्यांना? पंधरा मिनिटांत?" सातुर्निनो हसत सुटला आणि बैठक संपली.

खरं सांगते, ती पंधरा मिनिटं माझी होती. सगळी सहलच त्या पंधरा मिनिटांसाठी होती.

सव्वीस वर्षांपूर्वी माझा राऊल, चौदा वर्षांचा, ऑगस्टमध्ये बाजाराला निघालेल्या, लसणाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडला. पाठीचा कणा. टोलेदोच्या दवाखान्यात आम्ही सात महिने काढले. लोक मला विचारतात, टोलेदो सुंदर आहे ना? मला काय ठाऊक! सात महिन्यांत मी दवाखान्याचा वॉर्ड बघितला, बसचा थांबा बघितला, भाड्याची खोली बघितली, आणि त्या खोलीमागच्या गल्लीतल्या एका मठाची भिंत बघितली.

त्या मठातल्या जोगिणी बाहेर येत नाहीत आणि कुणाला दिसत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं. आपण घंटा वाजवायची, कपाटात पैसे ठेवायचे, ते आतून फिरतं आणि मिठाई घेऊन परत येतं. प्रसादाच्या पातळ पापड्या कापून उरलेल्या तुकड्यांची पिशवी तिथे अगदी स्वस्तात मिळायची आणि राऊलला ते तुकडे फार आवडायचे. पहिल्याच दिवशी मी पैसे ठेवले आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले. आतून आवाज आला, "पोरी, काय झालं?"

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता मी जायची. ती आत, मी बाहेर, मध्ये लाकूड. तिचं तोंड मी कधी बघितलं नाही, नावही विचारलं नाही, नुसतं 'मदर' म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं की पाय परत येणार नाहीत, त्या दिवशी मी तिला विचारलं, "मदर, त्याला काय सांगू?" ती म्हणाली, "खोटं सांगू नकोस. पण सगळं एका दिवसात ओतूही नकोस. तो विचारेल तेवढंच सांग." मी तेवढंच केलं. आज माझा लेक ताठ मानेने जगतोय ना, त्याची सुरुवात त्या भिंतीपाशी झाली.

आणि मी काय केलं? मार्चमध्ये एका सकाळी दवाखान्यातून अचानक सुट्टी मिळाली. आठला रुग्णवाहिका, कपाट उघडायचं दहाला. न सांगता निघून आले. पुढच्या आठवड्यात फोन करू म्हटलं, मग पुढच्या महिन्यात. जेवढा उशीर तेवढी लाज, आणि जेवढी लाज तेवढा आणखी उशीर. दोनदा टोलेदोचं तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरले. वाटलं, चाळीस माणसांच्या कलकलाटात तरी पाय पुढे पडेल.

सहल ठरली होती एकोणीस जुलैला, लसूण घरात आल्यावर. मे संपता संपता मी धीर करून मठात फोन लावला, कपाट कधी उघडं असतं ते विचारायला. कुणीतरी म्हातारी बोलली. "सान हुआनच्या सणापर्यंत या, बाई. नंतर इथे कुणी नसेल. सहाजणीच उरलोय आम्ही. घर बंद होतंय, जिथे जागा मिळेल तिथे एकेक जाणार."

सान हुआन म्हणजे चोवीस जून. ऐन लसणाच्या काढणीत. त्या दिवसांत आमच्याकडे मयतालासुद्धा माणसं घाईने येतात.

मी पुन्हा बैठक बोलावली आणि म्हटलं, "तारीख बदलायची. एकवीस जून."

"वेड लागलंय का?" "काढलेला लसूण उन्हात टाकून जायचं?" "हिचं आपलं काहीतरीच!" सगळे एकदम. शेवटी सांगावंच लागलं. राऊलचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या भिंतीचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही, देव त्याला शांती देवो.

"मग तू राऊलबरोबर जा ना," एर्मिनिया हळूच म्हणाली. "त्याची हाताने चालवायची गाडी आहे."

"त्याला घेऊन त्या दवाखान्यासमोरून जायचं? नाही जमायचं मला. आणि एकटीचे पाय उचलत नाहीत, एर्मिनिया. घाबरते मी. झालं समाधान?"

सातुर्निनो टोपी हातात घेऊन गोल फिरवत होता. ह्याचे मजूर ठरलेले, ह्याचाच लसूण सगळ्यात जास्त. आता हा काय ओरडणार म्हणून मी कंबर कसून उभी राहिले.

"ट्रॉली माझी होती," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत हा शब्द आमच्यात निघाला नव्हता.

"तुला कुणी काही म्हटलंय का कधी?"

"नाही म्हटलंस. कधीच नाही म्हटलंस. म्हणून तर..." त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "एकवीस लिही. लसूण पडला तर पडला. ज्याचं अडतंय त्याने घरी बसावं."

कुणीच घरी बसलं नाही. एकवीसला सकाळी बसमध्ये चाळीस माणसं आणि चाळीस ताज्या लसणाच्या जुड्या. "रिकाम्या हाताने जायचं का?" असं प्रत्येकाला आपापल्या घरी, दुसऱ्याला न विचारता सुचलेलं! ड्रायव्हर दोन तास खिडकी उघडी ठेवून बिचारा नाकाने श्वास घेत नव्हता.

माझ्या कागदाचं काय झालं ते विचारू नका. जिन्यांवर एर्मिनिया अडली, कॅथेड्रलमध्ये लेओकादियाबाई हरवल्या आणि सापडल्यावर आम्हालाच ओरडल्या. पण साडेबाराला सगळे म्हणाले, "चल, आता तुझं." मी म्हटलं, मी एकटी जाते. कसलं काय! सगळी वरात गल्लीत.

भिंत तीच होती. मी घंटा वाजवली.

"आवे मारिया," आतून नमस्काराचा आवाज आला. तोच. थोडा खाली बसलेला, पण तोच.

आभाराचं बोलणं मी महिनाभर पाठ केलं होतं. एक शब्द आठवेल तर शपथ. "मदर," मी म्हटलं, "मी कासिल्दा. राऊलची आई."

मग आत धावणारी पावलं, मग कडी, आणि बाजूचं दार, जे मी सात महिन्यांत कधी उघडं बघितलं नव्हतं, ते उघडलं. बुटकीशी, चष्मेवाली बाई. माझ्याहून फार मोठीही नव्हती. आत सगळीकडे बांधाबांध, खोकी, दोऱ्या. तिने माझे दोन्ही हात धरले.

"पोरी, आम्ही त्याला विसरलो नाही हो. दर वर्षी बारा मार्चला सगळ्याजणी प्रार्थना करतो. त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून."

"आत्म्याला?"

"तेव्हा आम्ही सतराजणी होतो. तू मला जे सांगायचीस ते मी जेवताना सगळ्यांना सांगायची. मग एक दिवस चार वाजले आणि घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मदर एस्कोलास्तिका म्हणाल्या, पोरगं गेलं. आई असं न सांगता एकाच कारणाने जाते."

मी निर्लज्ज, मी कृतघ्न, आणि ह्या बायका सव्वीस वर्षं माझ्या जिवंत मुलासाठी रडत होत्या! मागून सातुर्निनोने माझा खांदा धरला. "अगं, फोन लाव," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लाव ना, ए बाई!"

राऊल अल्बासेतेला घरी होता. फोनवर त्याचं तोंड दिसलं, मागे धूर. "काय गं आई? कांदा परततोय मी. तुझी नात भुकेने माझा जीव खातेय. टोलेदो बघ ना तू!"

"राऊल," मी म्हटलं, "ह्या बायकांना तोंड दाखव."

सहाजणी त्या फोनभोवती जमल्या. सगळ्यात म्हातारी, चाकाच्या खुर्चीतली, ती मदर एस्कोलास्तिका. तिने फोन नाकाला लावला. "हा? हा तर टकला आहे! तो चौदाचा होता ना?"

"चाळिशीत पडतात हो केस," राऊल म्हणाला. "तुम्ही कोण?"

"आम्ही..." म्हातारीने फोनमधल्या धुराकडे बोट केलं. मग एकदम म्हणाली, "कांदा करपतोय, गॅस बारीक कर!" आणि सहाच्या सहा हसत रडायला लागल्या. मी आभार मानायला तोंड उघडायची आणि त्या माझेच हात चुंबून माझेच आभार मानायच्या. बाहेर गल्लीत चाळीस माणसं लसूण हातात धरून नाक पुसत होती.

"वही काढा," मदर एस्कोलास्तिका म्हणाली.

"मदर, वह्या बांधल्यात. कुठल्या खोक्यात ते..."

"मग खोकी फोडा. मेलेल्यांत त्याचं नाव ठेवून मी ह्या घरातून जाणार नाही."

तिसऱ्या खोक्यात ती सापडली. काळ्या पुठ्ठ्याची, मठाने ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या मृतांची. बारा मार्चच्या पानावर, निळ्या शाईत, सुबक अक्षरात: राऊल, कासिल्दाचा मुलगा, वय चौदा.

माझी मदर पेन घेऊन वाकली, मग थांबली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू खोड," ती म्हणाली.

मी इतकं दाबून खोडलं की पान फाटलं.