पहाटे पोहोचणाऱ्यांची सोय

यंदाची वाचनालय परिषद जालन्यात होती. मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांमधून छोटी छोटी वाचनालयं चालतात. ती चालवणारी माणसं वर्षातून एकदा, जानेवारीत, दोन दिवस एकत्र येतात. दरवर्षी गाव बदलतं. परिषद जालन्याला मिळावी म्हणून माझे वडील, धर्मराज खरात गुरुजी, किती वर्षं मागे लागले होते. यंदा मिळाली. दिवाळीनंतर ते गेले.

बाहेरगावच्या लोकांसाठी माहितीपत्रक लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, ते माझ्याकडे आलं. "तू कॉलेजात शिकवती, तुझी भाषा बरी," तातेरावकाका म्हणाले. तातेराव मगरे हे परिषदेचे अध्यक्ष आणि बाबांचे शाळेपासूनचे मित्र. मी हो म्हटलं. त्या दिवसांत कुणी काम दिलं तर बरंच वाटायचं.

ज्या गावात आपण जन्मलो ते परक्याला समजावून सांगणं मात्र सोपं नव्हतं. मी लिहिलं:

"रेल्वे स्टेशन जुन्या जालन्यात आहे. आपलं विहारही जुन्या जालन्यातच आहे, तेव्हा नदी ओलांडून नव्या जालन्यात जाऊ नये. ऑटोवाल्याला नुसतं 'विहार' म्हणू नये, खाली दिलेला पूर्ण पत्ता दाखवावा. शहरात विहारं पुष्कळ आहेत, तो त्याच्या ओळखीच्या विहारात नेईल. परतूरकडून बसने येणाऱ्यांना थेट गाडी मिळाली नाही तर वाटूरला उतरून जालन्याची गाडी धरावी. पहाटे थंडी असते, शाल आणावी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या घरी उतराल तिथे पाणी जपून वापरावं. यजमान स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून इथे लिहिलं आहे."

या परिषदेला येणारं कुणी लॉजवर उतरत नाही. घरोघरी दोन-दोन पाहुणे वाटून दिले जातात. फार पूर्वी लॉजवाले आधी आडनाव विचारायचे, तेव्हापासूनची ही रीत. आता तोंडावर कुणी विचारत नाही, पण रीत टिकली. बाबा दरवर्षी जायचे आणि कुणाकुणाच्या घरी राहून यायचे. उदगीरला एका शिंप्याकडे, कळमनुरीला एका कंडक्टरकडे. आल्यावर त्या घरांचं वर्णन करायचे. आई एकदाही गेली नाही. कधी माझी परीक्षा, कधी तिच्या अंगणवाडीचं काम. ती इतकंच म्हणायची, "किती घरचं जेवून आले तुम्ही. आपल्याकडं कधी येतील लोकं?"

म्हणून परिषद जालन्याला ठरल्यापासून तिनं तयारी चालवली होती. बाबा गेल्यावर आठवडाभर सगळं थांबलं, मग तिनं पुन्हा हाती घेतलं. गोधड्या धुतल्या. दोन नव्या चादरी आणल्या. मागच्या खोलीत बाबांची खाट होती, तिच्यावर गादी टाकली.

पाहुण्यांचं वाटप व्हॉट्सॲपवर आलं. आमचं घर त्यात नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या खाटेवर कुणी झोपावं असं मला वाटत नव्हतं.

"आपल्याकडं कोण आहे गं?" आईनं विचारलं.

"कुणी नाही."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावून सगळं खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "तातेरावला फोन लाव. म्हणावं, च्या प्यायला या."

काका संध्याकाळी आले. आईनं चहा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"आमचं घर कुठं गेलं, भाऊजी?"

"वहिनी, तुम्हाला तरास नको म्हणून बाजूला ठेवलं. दुसरं काई न्हाई."

"तरास कोन्हाला? मला का पाहुण्याला?"

"तसं न्हाई हो."

"मंग कसं? सूतक पाळून राह्यले का तुम्ही? आमच्या आज्यानं छप्पनला दीक्षा घेतली तवाच हे सोडलं, असं दर भाषणात सांगता."

काकांनी कप खाली ठेवला. "सूतक कोण पाळतं, वहिनी? पण बाहेरगावचा माणूस. घरात दुःख. घास गिळताना अवघडल्यावानी होतं."

"ह्यांच्या जलदान विधीला तर बराबर गिळला सगळ्यांनी. तुम्ही दोनदा बुंदी घेतल्ती."

मला हसू आलं. काकांनाही आलं, पण वाटप बदललं नाही. घरं ठरली होती, पाहुण्यांना फोन गेले होते. एकाचा पाहुणा काढून दुसऱ्याला द्यायचा तर पहिल्या घराचा अपमान. हे आईलाही पटलं. "राहू द्या मंग," ती म्हणाली. काका गेल्यावर तिनं नव्या चादरींची घडी केली आणि त्या पिशवीसकट कपाटात ठेवल्या.  बाबा गेले त्या दिवशीही ती अशीच घरभर घड्या घालत फिरत होती.

आईला वाईट कशाचं वाटलं, ते मला तेव्हा कळलं. लोकांनी टाळलं याचं नव्हतं. बाबांबरोबर आमचं घरही संपलं असं लोकांनी धरून चाललं होतं, आणि तेही अगदी प्रेमानं.

पत्रकात एक जागा मी मोकळी ठेवली होती. नांदेडकडची गाडी पहाटे येते आणि विहार आठला उघडतं; यजमान तिथेच येऊन आपापले पाहुणे घरी नेतात. मधल्या वेळात लोकांनी काय करावं? "स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात थांबावं, असं लिही," काका म्हणाले होते. मी लिहिलं:

"पहाटे पोहोचणाऱ्यांनी स्टेशनवर थांबू नये. स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर धर्मराज खरात यांचं घर आहे. गांधी चमनजवळ कुणालाही विचारावं. अंघोळीला गरम पाणी, चहा आणि नाश्ता मिळेल."

बाबांच्या नावाआधी, आमच्यात गेलेल्या माणसाला लावतात तसं, 'कालकथित' लिहावं का, यावर थोडा वेळ अडले. पण पत्ता विचारणाऱ्याला त्या शब्दाचा उपयोग नव्हता. काकांना न दाखवताच पत्रक सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकलं. मग आईला वाचून दाखवलं.

"किती जण येतील?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"पीठ जास्तच दळून आणते."

ग्रुपवर हात जोडल्याची पुष्कळ चित्रं आली. 'आम्ही येतो' असं कुणीच लिहिलं नाही.

परिषदेच्या दिवशी आई अंधारातच उठली. पाण्याचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, पिठलं केलं, ठेचा वाटला. गाडी आल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. तो आला. आई दार उघडून उभी राहिली. गल्लीतून दूधवाला गेला, दोन ऑटो गेले. कुणी वळलं नाही. पाणी उकळून निम्मं व्हायला आलं, तशी आई आत गेली आणि खालची लाकडं मागे ओढली.

मी स्कूटीची किल्ली घेतली.

स्टेशनच्या बाकांवर पाच-सहा जण शाली पांघरून बसले होते. पिशव्यांवरून ओळखता येत होतं, पुस्तकांनी फुगलेल्या होत्या. त्यांच्यात एक साठीच्या बाई होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या उठल्या. "जयभीम, बाई. मी कौसल्या, मुदखेडची. गुरुजींची लेक ना तू? नाकावरूनच वळखलं."

"तुम्ही पत्रक वाचलं नाही का?"

"वाचलं की सगळ्यांनी. पण गुरुजी आत्ताच गेलेत, अन् आपण सकाळी सकाळी च्या मागत त्यांच्या दारात उभं राहायचं म्हणजे..." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. बाबांबद्दल बोलणं मी टाळलं. मी म्हटलं, "आईनं सगळ्यांपुरतं पाणी तापवलंय. आमच्याकडे पुढचं पाणी कधी येईल सांगता येत नाही."

"अगं मंग आधी सांगावं न्हाई का!" कौसल्याबाईंनी पिशवी उचलली. "उठा रे, चला जल्दी. बाईनं साठवणीचं पाणी काढलंय अन् आपण इथं बसून राह्यलो."

घरात शिरल्यावर त्यांनी आधी बाबांच्या फोटोला हात जोडले, मग आईचे हात धरले. आईनं त्यांच्या हातात टॉवेल दिला. मग एकेकाच्या अंघोळी सुरू झाल्या आणि पुढच्या खोलीत पंगत बसली. पहिली दहा मिनिटं सगळे दबल्यासारखं हळू बोलत होते, फोटोकडे बघत होते. काकांचं खरं होतं, घास अवघड जात होता. आई भाकरी वाढत होती आणि तिला ते दिसत होतं.

कौसल्याबाईच म्हणाल्या, "गुरुजी आमच्याकडं दोन डाव उतरलते. खाण्याची कटकट न्हाई बघा माणसाची. अंबाडीची भाजी तर इतकी आवडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा म्हणाले."

आईचा हात ताटावरच थांबला. "कोण म्हणालं?"

"गुरुजी."

"अंबाडी? ह्यांनी?"

"वाटी वाटी खाल्ली. वरून लसणाची फोडणी मागून घेतली."

"जन्मभर माझ्या घरात अंबाडी केली की ताट सरकवलं ह्या माणसानं! आंबट लागती म्हणायचे. दात शिवशिवतात म्हणायचे. माझ्या हाताला चव न्हाई असं समजून मी करायचीच सोडली." ती फोटोकडे वळली. "बाहेर जाऊन हे धंदे करत होते व्हय?"

पंगत हसली. एकाला ठसका लागला. आई हसत नव्हती. तिला खराखुरा राग आला होता. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल चांगलंच तेवढं बोलत होती, जसं भेटायला येणारे बोलायचे तसं, आणि ते ऐकणं मला जड जात होतं. आता तिनं पदर खोचला आणि कौसल्याबाईंच्या समोर बसली. "फोडणीत काय घालता तुम्ही? सांगा बरं."

तेवढ्यात तातेरावकाका दारात आले. "विहार उघडून बसलोय, नांदेडकडचं एकबी माणूस पोचलं न्हाई. मला वाटलं गाडीच चुकली." त्यांनी आत डोकावलं. "इथं आहेत व्हय सगळे?"

"या भाऊजी, बसा," आई म्हणाली.

"नको वहिनी, तिकडं लई काम—"

"काम हाये, का आमच्याकडं जेवलेलं चालत न्हाई?"

काकांनी चपला काढल्या. पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले. मी ताट ठेवलं. त्यांनी पिठल्याला भाकरी लावली, एक घास खाल्ला, आणि कशावरून हसणं चाललं होतं ते विचारलं. आईनं सांगितलं. काकांनी दुसरा घास तसाच ताटात ठेवला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"आता सांगायला हरकत न्हाई. आमच्याकडंबी खायचे अंबाडी. घरी बोलू नको म्हणायचे."

"आन् आणखी काय काय बोलू नको म्हणलेत?"

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. मग ठेचा मागून घेतला आणि सांगायला सुरुवात केली. परिषदेचं उद्घाटन बऱ्याच उशिरा झालं. अध्यक्ष आमच्याकडे जेवत होते.