यंत्राला हुंकार

डॉ. लुंबिनीने माईकचं बटण दाबलं. "काका, श्वास रोखून धरा."

"हूं," एमआरआयच्या बोगद्यातून भुजंगरावांचा आवाज आला, आणि चित्र चौथ्यांदा हललं.

लातूरच्या त्या केंद्रात हट्टी पेशंट पुष्कळ येऊन गेले होते. इतका सज्जन पेशंट मात्र लुंबिनीला पहिल्यांदाच भेटला. बिलोलीकडचा माणूस. समोरचा बोलतोय आणि आपण हुंकारही द्यायचा नाही, असला उद्धटपणा त्यांच्या हातून होणं नव्हतं. मग बोलणारं यंत्र का असेना!

लुंबिनीचा जीव टांगणीला लागला होता. भुजंगरावांच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होती. शरीराच्या लढणाऱ्या पेशींना थोपवून धरणारी एक खूण त्या गाठीवर असेल, तर नवं औषध लागू पडायची आशा होती. सुई घालून तुकडा काढावा, तर त्यांचं रक्त लवकर गोठत नव्हतं. गाठीत पाणी कसं सरकतं, कुठे अडतं, ते पाहून खूण ओळखायची, हाच लुंबिनीचा अभ्यास. पण त्यासाठी लिव्हर घटकाभर स्थिर राहायला हवं ना!

"मला द्या ते," भुजंगरावांच्या बायको कस्तुराबाई पुढे आल्या. "मी बोलाया लागले की ह्यांचा श्वास आपसूक अडकतो. चाळीस वर्षं बघून राहिले."

लुंबिनीने माईक दिला.

"अवो, पोळ्यापासून पोटात दुखून राहिलं, मला सांगितलं का न्हाई? दवाखान्याची चिठ्ठी ज्वारीच्या पोत्यात लपवली! मी काय परकी हाय?"

आत चिडीचूप. लुंबिनीने हसू दाबत यंत्र सुरू केलं. कस्तुराबाई दम घ्यायला थांबल्या की भुजंगरावही दम घेत. असं चारदा झालं.

चित्र लख्ख आलं. लुंबिनीने ते दोनदा निरखलं. "काकू, खूण असावी असं दिसतंय. अंदाजच आहे, खात्री नाही. पण औषधाचा विचार करा, असं मी मोठ्या डॉक्टरांना नक्की सांगेन."

कस्तुराबाईंनी मान हलवली, पण माईक सोडला नाही. "अवो, सांगा ना. का लपवलं?"

आतून आवाज आला, अगदी बारीक. "लई भ्यालो होतो, कस्तुरे. तुला सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं."

कस्तुराबाईंनी माईक टेबलावर ठेवला आणि लुंबिनीचा हात धरला.

"काढा त्यांला बाहेर," त्या म्हणाल्या. "आत लई गार असंल."