अर्धी बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. एके काळी माझ्यात कैरीचं लोणचं असायचं. जालन्याच्या धापूबाई मला रोज फडक्यानं पुसायच्या, पाहुण्यांना कौतुकानं दाखवायच्या. झाकणाला चीर गेली आणि त्यांनी मला दवाखान्यात देऊन टाकलं. तिथं माझ्यात माणसांची लघवी भरू लागले. हसा खुशाल!

साल होतं १९५७. काही माणसं झोपून उठली तरी थकलेलीच का असतात, याचा डॉक्टर शोध घेत होते. त्यांना वाटायचं, मूत्रपिंडावर बसलेल्या इवल्या ग्रंथीचा रस रक्तात कमी पडत असेल. त्याचा अंश लघवीत सापडतो. म्हणून एका दिवसरात्रीची सगळी लघवी साठवायची आणि तपासायला मुंबईला धाडायची.

अंबडजवळच्या वस्तीवरची गोपिकाबाई मेंढरांमागं चालता चालता बांधावर बसायची, ती उठायचीच नाही. सासू साखराबाई ओरडायची, "व्यालेली मेंढी बी उठून चरती, हिलाच काय धाड भरली?" डॉक्टरांनी मला गोपिकाबाईच्या नवऱ्याच्या, बिरूच्या हाती दिलं. काय करायचं ते त्यालाच समजावलं. थकली होती ती, आणि समजावलं त्याला! मला आजही संताप येतो.

मी अर्धीच भरले. साखराबाईचा जीव खालीवर. शेजारणीची वाटीसुद्धा तिनं कधी रिकामी परत केली नव्हती. "दुसऱ्याचं भांडं अर्धं माघारी धाडायचं? लोकं काय म्हणतील?" असं म्हणत तिनं मला आडोशाला नेलं आणि स्वतःच काठोकाठ भरलं. मला ओरडता येत नव्हतं.

मुंबईहून उत्तर आलं: रस भरपूर आहे, रोग नाही.

"म्हंजी तू ढोंग करून राह्यली," बिरू म्हणाला, आणि तिला भोकरदनकडं माहेरी सोडून आला.

पुढं साखराबाई गुडघे दाखवायला दवाखान्यात आली. चीर गेलेल्या झाकणावरून तिनं मला ओळखलं. "डाक्टरसाब, ही बराबर भरून दिल्ती बघा मी! सून अर्धीच देऊन राह्यल्ती."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मावशी, हे काय केलंत?"

"मंग मला कुणी सांगितलं व्हतं?"

डॉक्टरांनी मला धुऊन पुन्हा बिरूकडं धाडलं.

बिरू मला घेऊन सासुरवाडीला गेला. "चल, पुन्हा तपासायचंय. मायनं घोळ केल्ता."

गोपिकाबाई उठली नाही. "मी सांगत व्हते तवा तुमचे कान कुठं गेल्ते? आता काच बोलली की खरं?"

"चुकलं बाई."

"ती बरणी खाली ठेवा. आधी म्हणा, माझी बायको खरंच थकती. मंग हात लावते."

सासरा कारभारी शेजारीच सुतळी वळत बसला होता. बिरूनं त्याच्याकडं पाहिलं, मान खाली घातली. "थकती ती."

"माझ्या बापाला ऐकू आलं न्हाई."

"खरंच थकती! ढोंग न्हाई!" बिरू ओरडला.

तेव्हा तिनं मला उचललं.

मित्रांनो, दोष त्या रसाचाच की आणखी कशाचा, हे डॉक्टरांना अजून नीट उमगलेलं नाही. त्यांचा शोध चालू द्या. मला जपा असंही मी म्हणणार नाही. बाजारात बरण्या पुष्कळ आहेत. पण घरात कुणी 'थकले' म्हणालं, तर मुंबईच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आधी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्या.